पायाच्या तपासणीची नायलॉनची तार : तिच्यावर किती भरवसा ठेवायचा?

वैदेही_म

बाबांना (वय ६८, निवृत्त शिक्षक) मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली. साखर आटोक्यात असते, औषधं वेळेवर घेतात, पायाची तक्रार अशी कधी नव्हती. रविवारी सोसायटीत मोफत तपासणी शिबिर होतं. पहिल्या टेबलावर एक यंत्र. त्याची थरथरणारी मूठ पायाला लावायची आणि थरथर जाणवली की सांगायचं. बाबांचा आकडा आला २७ व्होल्ट. "नसा कमजोर झाल्यात" म्हणत तिथल्या माणसाने लगोलग तीन महिन्यांच्या कॅप्सूल पुढे केल्या.

दुसऱ्या टेबलावर एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी पेनासारख्या दांडीतून जेमतेम दीड इंचाची नायलॉनची तार बाहेर काढली, बाबांना डोळे मिटायला लावले आणि तळव्यावर ठिकठिकाणी टेकवत गेल्या. दोन्ही अंगठ्यांना आणि डाव्या करंगळीच्या खाली बाबांना काहीच कळलं नाही. मी समोरच बसले होते. तार चांगली वाकलेली दिसत होती आणि बाबा शांत. माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी गोळ्या दिल्या नाहीत. रोज पाय बघा, अनवाणी चालू नका आणि पायाच्या दवाखान्यात दाखवून घ्या, एवढंच सांगितलं.

आता भाऊ म्हणतो, मासे धरायच्या दोरीसारख्या तुकड्याने काय निदान होणार, मशीनचा आकडा खरा. मला विचारायचंय की ही तार भरवशाची आहे का? व्होल्ट म्हणजे नक्की कशाचे? आणि घरच्या घरी अशी तपासणी करता येते का?

रोखठोक

मोफत शिबिर आणि टेबलावर औषधाचं पाकीट, इथेच समजून जा. कॅप्सूल घेऊ नका.

चैत्रपालवी

वैदेही, बाबांना आधी सांगून टाक की घाबरण्यासारखं नाही. माझ्या सासूबाईंचं असंच कळलं होतं. चपलेत खडा गेला तो दिवसभर तसाच, संध्याकाळी मोजा काढला तर रक्त. तुमच्याकडे जखम व्हायच्या आधी कळलं, हे चांगलंच झालं.

पायवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मधुमेहींच्या पायांच्या दवाखान्यात काम करते. ही तार माझ्या रोजच्या हातातली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिला मोनोफिलामेंट म्हणतात. पायासाठी वापरतात ती १० ग्रॅमची. म्हणजे त्वचेला काटकोनात टेकवून ती वाकेपर्यंत दाबली की त्वचेवर १० ग्रॅमचा दाब येतो. एक-दोन सेकंद धरायची आणि उचलायची. ओढायची नाही, घासायची नाही. ठिकाणं तीन : अंगठ्याचा तळ, अंगठ्यामागचा उंचवटा आणि करंगळीमागचा उंचवटा. घट्टा किंवा भोवरी असेल तर तिच्यावर टेकवायची नाही, शेजारी टेकवायची. जाड कातडीखालच्या चांगल्या नसेलाही काही कळत नाही.

सुरुवातीला तार रुग्णाच्या हातावर लावून दाखवायची, म्हणजे काय जाणवायला हवं ते कळतं. मग डोळे मिटायचे. प्रत्येक ठिकाणी तीनदा विचारायचं, आणि त्यातल्या एका वेळी तार टेकवायचीच नाही, नुसतं "आता लागलं का?" विचारायचं. तीनपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर त्या ठिकाणी संवेदना आहे असं धरतात.

आता व्होल्ट. त्या यंत्राचं नाव बायोथेसिओमीटर. मुठीचं टोक ठरलेल्या गतीने थरथरतं आणि यंत्र चालवणारा थरथरीचा जोर वाढवत नेतो. जोर व्होल्टमध्ये दाखवतात, साधारण ५० पर्यंत. जिथे पहिल्यांदा जाणवतं तो तुमचा आकडा. तो २५ च्या वर गेला की पायाला जखम होण्याचा धोका वाढलेला समजतात. म्हणजे वैदेही, तुमच्या बाबांच्या बाबतीत तार आणि मशीन यांचं भांडण नाहीच. दोघांनी एकच गोष्ट सांगितली आहे.

राहिल्या कॅप्सूल. गेलेली संवेदना खात्रीने परत आणणारं औषध आज उपलब्ध नाही. बी-१२ जीवनसत्त्व तपासा, कारण मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध वर्षानुवर्षं घेतलं की ते कमी होऊ शकतं, शाकाहारी माणसांत जास्तच. कमी निघालं तर डॉक्टर देतील. न तपासता तीन महिन्यांचं पाकीट कशाला?

गणितवेडा

पायवाट, एक शंका. प्रत्येकाचा हात वेगळा. कुणी जोरात दाबेल, कुणी हळू. मग १० ग्रॅम हे १० ग्रॅमच राहतात कसे? मला तरी हा आकडा सजावटीचा वाटतो.

यंत्रमानव

@गणितवेडा, यातली गंमत तारेत आहे, हातात नाही. प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबून बघा. थोडा वेळ ती ताठ राहते, मग एकदम बाक येतो. बाक आल्यावर तुम्ही हात आणखी खाली नेलात तरी पट्टी फक्त जास्त वाकते, टेबलावरचा दाब फारसा वाढत नाही. उभा खांब किती भाराला वाकेल याचं गणित गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकात मांडलं, तेच इथे लागू पडतं. तो भार ठरतो लांबीवर, जाडीवर आणि पदार्थाच्या ताठपणावर. जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो, म्हणजे तार दुप्पट जाड केली तर वाकायला सोळापट भार लागतो. लांबी ३८ मिलिमीटर कायम ठेवून फक्त जाडी बदलली की हव्या त्या ग्रॅमची तार मिळते. तपासणाऱ्याने वाकेपर्यंत दाबलं की झालं, त्याच्या हाताचा जोर मोजमापातून बाहेर पडतो. इतक्या स्वस्तात इतका स्थिर दाब देणारं दुसरं साधन मला तरी माहीत नाही.

आणखी एक. त्या दांडीवर बहुतेक ५.०७ असा आकडा छापलेला असतो. ते ग्रॅम नव्हेत. मिलिग्रॅममधल्या दाबाला दहाने गुणून त्याचा लॉगरिदम घेतलाय. उलटा हिशेब केला तर ११.७ ग्रॅम येतात, व्यवहारात १० म्हणतात.

गणितवेडा

पटलं. लॉगरिदम निघाला म्हटल्यावर मी या तारेच्या बाजूने.

जुनीपानं

थोडा इतिहास. त्वचेची संवेदना मोजायची खटपट जर्मनीत सुरू झाली. एर्न्स्ट वेबरने १८३४ साली कंपासची दोन टोकं त्वचेवर टेकवून, ती किती जवळ आणली की माणसाला एकच टोक वाटतं, हे शरीरभर मोजलं. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटरही वेगळे कळतात, पाठीवर चार सेंटीमीटरपर्यंत दोन टोकं एकच वाटतात. घरी करून बघण्यासारखं आहे. १८९६ च्या सुमारास माक्स फोन फ्राय याने काडीला घोड्याचे केस चिकटवून वेगवेगळ्या दाबाची साधनं केली. पण केस तो केसच, पावसाळ्यात मऊ पडणार, दोन केस सारखे नसणार. नायलॉन आलं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. जोसेफीन सेम्स आणि सिडनी वाइनस्टाइन यांनी नायलॉनच्या तारांचा संच केला तो महायुद्धात मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांची संवेदना तपासायला. त्यांचं काम १९६० मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणून आजही पूर्ण नाव सेम्स-वाइनस्टाइन मोनोफिलामेंट.

मेंदूच्या जखमांसाठी केलेली तार मधुमेहाच्या पायापर्यंत कशी पोचली, हे कुणी सांगेल का?

देवराव_वर्धा

मी सांगतो जी. मी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून विदर्भात नोकरी केली, आता निवृत्त आहे. ही तार मधुमेहवाल्यांकडे आली ती कुष्ठरोगाच्या दवाखान्यांतून.

लोकांचा समज होता, अजून आहे, की कुष्ठरोगात बोटं सडून झडतात. डॉ. पॉल ब्रँड यांनी तामिळनाडूत वेल्लोरला काम करताना उलट दाखवून दिलं. बोटं रोगाने गळत नाहीत. नस मेलेली असते, दुखत नाही, म्हणून माणूस गरम भांडं धरून ठेवतो, चपलेतल्या खिळ्यावर चालत राहतो, जखम होते, चिघळते, हाड जातं. म्हणजे वाचवायचं असेल तर आधी कळलं पाहिजे की संवेदना कुठे गेली. हेच ब्रँड पुढे अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. मधुमेहींच्या पायाच्या जखमा अगदी तशाच असतात हे तिथे ध्यानात आलं, आणि कुष्ठरोगातली शिकवण मधुमेहाला लावली गेली. त्याच कार्व्हिलमध्ये बर्के आणि सिम्स यांनी १, १० आणि ७५ ग्रॅमच्या तारा घेऊन दोन्ही रोगांचे पाय तपासले. ज्यांच्या तळव्याला जखम झालेली होती त्यांच्यातल्या एकालाही १० ग्रॅमची तार कळत नव्हती. हे १९८६ साली छापून आलं. तुमच्या बाबांच्या तळव्याला टेकवली ती तार १० ग्रॅमचीच का, त्याचं उत्तर हे आहे. १० ग्रॅम कळतात तोवर पाय आपली राखण करू शकतो.

आम्हाला मात्र गावोगाव तारांचा संच मिळत नसे. आमचं साधन म्हणजे बॉलपेन. आजही राष्ट्रीय कार्यक्रमात बॉलपेनच वापरतात. रुग्णाचा हात टेबलावर उताणा ठेवायचा, त्याला डोळे मिटायला सांगायचे, आणि पेनाचं टोक कातडीला जरासा खड्डा पडेल एवढंच टेकवायचं. "हो-नाही" विचारायचं नाही. जिथे लागलं तिथे बोट ठेवा म्हणायचं. हे फार महत्त्वाचं आहे. एकदा एका बाईच्या करंगळीच्या तळाशी पेन टेकवला. ती डोळे मिटून बोट फिरवत राहिली, मनगटाजवळ ठेवलं, उचललं, मधल्या बोटावर ठेवलं. तिला काहीतरी झालंय एवढं कळत होतं, कुठे ते कळत नव्हतं. कोपराच्या आतली नस चाचपली तर जाड लागली. तिला त्या दिवशी तालुक्याला पाठवलं, स्टिरॉइडचा कोर्स सुरू झाला. नस बिघडून सहा महिन्यांच्या आत औषध मिळालं तर बरंचसं परत येतं. उशीर झाला की बोटं वाकडी होतात ती मग शस्त्रक्रियेशिवाय सरळ होत नाहीत. त्या बाईची करंगळी वाचली.

चैत्रपालवी

देवरावकाका, वाचून अंगावर काटा आला. "जिथे लागलं तिथे बोट ठेवा" हे किती साधं आणि किती नेमकं आहे.

नवीनपुणेकर

कुष्ठरोग आता संपला ना? २००५ साली जाहीर झालं होतं.

देवराव_वर्धा

संपला नाही. २००५ अखेर देशपातळीवर दहा हजारांमागे एका रुग्णापेक्षा प्रमाण खाली आलं, त्याला दूरीकरण म्हटलं. रुग्ण अजून निघतात. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आपल्या देशात आहेत, आणि आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे ते आजही सापडतात. औषधं फुकट आहेत, सहा महिने किंवा वर्षभराची, रोग पूर्ण बरा होतो. अंगावर फिका किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा. लाज धरू नका. इथे हे लिहिलं तर कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

तपोवनकर

काकांना अनुमोदन. मी अमरावतीचा. तपोवन आणि आनंदवन या कुष्ठरुग्णांसाठीच्या संस्थांची नावं आमच्या पिढीने श्रद्धेने ऐकली, पण शेजारच्या माणसाला चट्टा आहे म्हटल्यावर भांडं वेगळं ठेवणारीही घरं तीच. श्रद्धेबरोबर तपासणी गेली असती तर बरं झालं असतं.

रोखठोक

इतिहास छान. पण माझा मूळ आक्षेप राहिला. तार काय, पेन काय, मशीन काय, सगळं शेवटी रुग्ण "हो" म्हणतो की "नाही" त्यावर. हे व्यक्तिनिष्ठ झालं. नसेची खरी तपासणी म्हणजे एनसीव्ही. विजेचा झटका देऊन नस किती वेगाने संदेश नेते ते कागदावर येतं. पैसे खर्च करायचे तर तिथे करा.

वैदेही_म

@रोखठोक, तुमचा मुद्दा मला पटला, कारण काल मी घरी भरतकामाची सुई उलटी धरून बाबांना तपासायला बसले. सगळ्याला "हो". न टेकवता विचारलं तरी "हो". बाबांनी आयुष्यभर पेपर तपासले, त्यांना यात नापास व्हायचं नाही!

पायवाट

वैदेही, म्हणूनच ते न टेकवता विचारणं असतं. :) दवाखान्यात निम्मे आजी-आजोबा असंच करतात. बोलण्याचा सूर बदलायचा नाही, टेकवण्याची लय ठेवायची नाही, मध्ये थांबायचं. आणि देवरावकाकांची युक्ती वापरा : कुठे लागलं ते विचारा. उजवा पाय की डावा, अंगठा की करंगळी. मग "हो" पुरत नाही. सुई मात्र नको, कळत नसलेल्या पायाला जखम व्हायची.

@रोखठोक, एनसीव्ही चांगली तपासणी आहे, दुसरं काही कारण असेल असं वाटलं तर डॉक्टर सांगतातच. पण तिचा प्रश्न वेगळा आहे. नस किती वेगाने चालते हे ती सांगते. या माणसाच्या चपलेत टाचणी गेली तर त्याला कळेल का, हे तार सांगते. वैदेहीच्या बाबांसाठी आज दुसरा प्रश्न महत्त्वाचा. शिवाय खेड्यातल्या आरोग्य केंद्रात एनसीव्ही कुठून आणणार? व्यक्तिनिष्ठ म्हणाल तर चष्म्याचा नंबरही रुग्णाला विचारूनच ठरतो.

रोखठोक

टाचणीचा मुद्दा मान्य. तरी एनसीव्हीला कमी लेखू नका एवढंच.

झोंबरे

माझं उलटं आहे. पायांची रात्री आग आग होते, चादरसुद्धा सहन होत नाही. तार मात्र प्रत्येक ठिकाणी कळते. डॉक्टर म्हणाले नसा ठीक आहेत. मग आग कसली? घरचे म्हणतात मनाचं आहे.

पायवाट

झोंबरे, मनाचं नाही. स्पर्श आणि थरथर नेणारे तंतू जाड असतात, आग, दुखणं, गरम-गार नेणारे बारीक. तार जाड तंतू तपासते, एनसीव्हीही त्यांचीच. बारीक तंतू आधी बिघडले तर दोन्ही तपासण्या चांगल्या येऊनही पाय जळतात. गरम-गार ओळखता येतं का, टोचलेलं टोकदार वाटतं का, हे तपासून घ्या. गरज वाटली तर त्वचेचा बारीक तुकडा काढून त्यातले तंतू मोजतात. न्यूरॉलॉजिस्टला नक्की भेटा, आगीवर औषधं आहेत.

जुनीपानं

जोडून : मिरचीची आग आणि खरा चटका एकाच रेणूच्या दारातून आत येतात, हे शोधणारे डेव्हिड ज्युलियस, आणि दाब-स्पर्शाचं दार शोधणारे आर्डेम पटापूटियन, यांना २०२१ चं वैद्यकाचं नोबेल विभागून मिळालं. तार टेकल्यावर त्वचेत काय होतं, हे रेणूच्या पातळीवर इतक्या अलीकडे कळलं.

झोंबरे

धन्यवाद. "मनाचं नाही" हे वाक्य घरात मोठ्याने वाचून दाखवलं.

सहाठिपके

विषय थोडा बाजूला जाईल, पण लिहावंसं वाटतं. मी अंध मुलांना आणि मोठेपणी दृष्टी गेलेल्यांना ब्रेल शिकवते. ब्रेलचे ठिपके एकमेकांपासून अडीच मिलिमीटरवर असतात. मधुमेहाने दृष्टी गेलेली माणसं शिकायला येतात तेव्हा त्यांच्यातल्या काहींच्या बोटांची संवेदनाही गेलेली असते. अक्षर बोटाखाली असतं आणि कळत नाही. माणूस हताश होतो, आपल्याला अक्कल नाही असं समजतो. आता मी नव्या विद्यार्थ्याला पहिल्या धड्याआधी बोटांची तपासणी करून यायला सांगते. एखादं बोट चांगलं निघालं की त्याच बोटाने वाचायला शिकवायचं. बोटं साथ देत नसतील तर सरळ ऐकायच्या पुस्तकांकडे वळायचं. त्या माणसाचे कष्ट आणि मानहानी दोन्ही वाचतात.

हातखंडा

सहाठिपके, फार मोलाचं लिहिलंत. मी हाताच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पुनर्वसनात काम करतो. आमच्याकडे एक तार पुरत नाही, पाच तारांचा संच लागतो. सर्वांत बारीक हिरवी, साधारण ०.०५ ग्रॅमची : ती कळली म्हणजे स्पर्श अगदी उत्तम. मग निळी ०.२, जांभळी २, लाल ४ आणि शेवटची ३०० ग्रॅमची. कापलेली नस शिवल्यावर दर काही आठवड्यांनी हाताच्या चित्रावर त्याच रंगांनी नकाशा काढतो. लाल भाग मागे सरकत जांभळा होतो, मग निळा. रुग्णाला तो कागद दाखवला की व्यायामाला हुरूप येतो. इलेक्ट्रिशियन, शिंपी, गवंडी यांना ग्रॅमशी देणंघेणं नसतं. पण खिशात हात घालून नाणं कोणतं ते न बघता कळतं का, हे त्यांना हवं असतं.

बोटाला दोन टोकं वेगळी कळतात का हे वेबरचंच तंत्र आम्ही रोज वापरतो. स्वीडनचे एरिक मोबर्ग कागदाची पिन वाकवून तपासत. बोटाच्या टोकाला ६ मिलिमीटरच्या आतलं अंतर ओळखता आलं तर सामान्य. आणि अंगठा-तर्जनी-मधलं बोट रात्री बधीर होऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दबली असू शकते, तेही अंगावर काढू नका.

नवीनपुणेकर

मी आत्ताच घरातल्या सगळ्यांच्या पाठीवर दोन पिना टेकवून बघितल्या. आजीला सहा सेंटीमीटरवरही एकच वाटली, आणि नातवाने पाठ खाजवून दिली म्हणून तिने आणखी दोनदा तपासून घेतलं. :D

मुंबईचीताई

मूळ प्रश्नाकडे येऊ का? वैदेहीने विचारलं होतं, घरी करता येतं का. तार विकत आणायचीही गरज नाही. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी साधी बोटाने करायची तपासणी काढली, २०११ मध्ये ती प्रसिद्ध झाली. रुग्णाने डोळे मिटून आडवं व्हायचं. तुम्ही तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांचे अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांना एक-दोन सेकंद हलका स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टॅप करायचं नाही, चोळायचं नाही. दोन्ही पायांची मिळून सहा ठिकाणं झाली. उजवा की डावा एवढंच त्याने सांगायचं. दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी झालीय समजून दवाखान्यात जायचं. तारेच्या निकालाशी ही तपासणी चांगली जुळते. माझ्या आईची मी वरचेवर करते, चहा होईपर्यंत आटोपते.

पायवाट

मुंबईचीताई, अगदी बरोबर, आणि टॅप न करण्याचं लिहिलंत ते बरं केलंत. तिथेच लोक चुकतात.

एक पुरवणी : वैदेहीच्या बाबांची संवेदना गेलीय हे आता ठरलं आहे. त्यामुळे घरी वारंवार तेच तपासून हाती काही लागणार नाही. त्यापेक्षा तोच वेळ पाय बघण्यात घालवा. रोज रात्री उजेडात तळवा, बोटांच्या बेचक्या, टाच. बाबांना वाकता येत नसेल तर तळव्याखाली आरसा धरा किंवा तुम्ही बघा. लालसर डाग, फोड, भेग, घट्ट्याखाली काळसर रक्त दिसलं तर दुसऱ्या दिवशी दवाखाना. पाणी गरम आहे का ते पायाने बघायचं नाही, कोपराने बघायचं. शेकायला गरम पिशवी नाही. उन्हाळ्यात देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा नाही. दर मे महिन्यात तळवे पोळून आलेले दोन-तीन जण आमच्याकडे असतातच, आणि त्यांना ते घरी गेल्यावर मोजे ओले दिसल्यावर कळलेलं असतं.

आषाढी

पायवाटताई, बाबांसारखीच अवस्था असताना वारी करावी का? माझे काका दरवर्षी आळंदीहून पंढरपूरला अनवाणी जातात, ऐकत नाहीत.

पायवाट

जावं की. अनवाणी मात्र नाही. आतून मऊ बूट, शिवण नसलेले मोजे, रोज मुक्कामाला दोन्ही पाय धुऊन, कोरडे करून कुणाकडून तरी बघून घेणं. निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. पायावर आत्ता जखम असेल तर या वर्षी एसटीने.

तपोवनकर

काकांना सांगा, माउलीला त्यांचे पाय सलामत हवेत.

यंत्रमानव

कुणी तार विकत घेणार असेल तर नायलॉनबद्दल थोडं. सतत वाकवलं की ते थकतं आणि दाब कमी पडायला लागतो. म्हणून एका तारेने दहा रुग्ण तपासल्यावर तिला चोवीस तास विश्रांती द्यावी असा संकेत आहे. दमट हवेतही नायलॉन मऊ पडतं, आपल्या कोकणात पावसाळ्यात विशेष. वाकडी राहिलेली तार फेकून द्यायची, बोटाने सरळ करून वापरायची नाही. शिबिरात एकाच तारेने शे-दीडशे पाय तपासत असतील तर शेवटच्या पायांचा निकाल कच्चा.

वैदेही_म

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही सकाळी गेलो होतो म्हणजे तार ताजी असावी. :) भावाला हा धागा वाचायला दिला. मशीनचं आणि तारेचं एकच म्हणणं आहे हे त्याला पटलं, कॅप्सूल परत केल्या, बी-१२ आणि पायाच्या दवाखान्याची वेळ घेतली. आता शेवटचं : चपला कोणत्या घ्यायच्या? बाबा घरात अनवाणीच असतात, आणि बाहेर कोल्हापुरी.

देवराव_वर्धा

कोल्हापुरी ठेवून द्या. तिचा तळ कडक असतो आणि अंगठ्यात घासते. आमच्याकडे कुष्ठरुग्णांना एमसीआर चप्पल देत, सूक्ष्म छिद्रांच्या रबराची, आतून मऊ, बाहेरून टणक. मधुमेहालाही तीच चालते. घेताना तीन गोष्टी पाहा : मागे टाचेला पट्टा हवा, तळात एकही खिळा नको, सगळं चिकटवलेलं किंवा शिवलेलं हवं, आणि पट्टे रुंद, बोटांच्या मध्ये काही नको. पायाची सूज संध्याकाळी उतरलेली असते तेव्हा मापाला जाऊ नका, सूज असेल त्या वेळचंच माप घ्या. घालण्याआधी चप्पल उलटी करून झटकायची, आत हात फिरवायचा. घरातली आणि बाहेरची जोडी वेगळी.

पायवाट

काका, संध्याकाळी तर सूज वाढलेली असते ना? बहुतेकांची दिवसभर पाय खाली राहून वाढते. म्हणून मापाला संध्याकाळीच जावं.

देवराव_वर्धा

बरोबर ताई, मापाला संध्याकाळीच जा. आणि वैदेहीताई, नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा तासच घाला, काढून तळवा बघा, लाल दिसला तर चांभाराकडे परत.

वैदेही_म

शनिवारी संध्याकाळी जातो. दादरच्या आसपास एमसीआर चप्पल शिवून देणारं कुणी माहीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.